शेअरवरची फाइल लॅपटॉपवर उघडते, सर्व्हरवर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टॉकचं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी एका शेअर्ड फोल्डरमध्ये (नेटवर्कवरून उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये, म्हणजे ‘शेअर’वर) सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, टाकतं. ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये लिहिलेलं वेब ॲप चालतं आणि विक्रीची माणसं त्यात आजचा स्टॉक बघतात. ॲपने ती फाइल उचलायची आहे. लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं की नीट चालतं, सर्व्हरवर टाकलं की ‘फाइल सापडली नाही’. पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता (कोडमध्ये तो झेड ड्राइव्हचा आहे), पुन्हा पुन्हा तपासून झाला, फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन झालं, तरी तेच. तेव्हा पाथ नेमका कसा लिहायचा, असं विचारलं आहे.

पाथ कसा लिहायचा ते सांगतोच, पण तुमची अडचण बहुधा तिथे नाही. ती फाइल कोणाच्या नावाने उघडली जातेय, हे आधी शोधायला हवं. लॅपटॉपवर प्रोग्राम तुमच्या लॉगिनने चालतो. तुम्हाला शेअर उघडता येतो म्हणून त्यालाही येतो. सर्व्हरवर तुम्ही नसताच. तिथे आयआयएसचं ॲप्लिकेशन पूल, म्हणजे वेब ॲप ज्यात चालतं ती प्रोसेस, वेगळ्याच खात्याने चालतं आणि त्या खात्याला कारखान्यातल्या मशीनवर कोणी ओळखत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय, आणि अशा तक्रारींत बहुतेक वेळा मूळ इथेच निघतं.

मग एरर ‘परवानगी नाही’ अशी न येता ‘फाइल नाही’ अशी का येते? तुमच्या कोडमध्ये आधी फाइल डॉट एक्झिस्ट्सने तपासून मग उघडायचं असं असेल, तर उत्तर त्यातच आहे. वाचायची परवानगी नसली तरी हे फंक्शन एरर देत नाही, गुपचूप ‘फॉल्स’ परत करतं. शेअर बंद असला तरी फॉल्स, नाव चुकलं तरी फॉल्स, परमिशन नसली तरी फॉल्स. ती तपासणी काढा, फाइल सरळ उघडा, आणि जी एक्सेप्शन येईल ती पूर्ण मजकुरासकट लॉगमध्ये लिहा. मग विंडोज खरं कारण सांगतं. एरर ५ म्हणजे परवानगी नाही. ५३ म्हणजे ते मशीनच नेटवर्कवर सापडत नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवली आहे. या चारांचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत, म्हणून नंबर हातात येईपर्यंत परमिशनमध्ये काहीही बदलू नका.

आता पाथ. तुमच्या कोडमध्ये झेड ड्राइव्ह दिसतोय, तो आजच काढा. मॅप केलेला ड्राइव्ह त्या मशीनचा नसतो, ज्याने लॉगिन करून मॅप केला त्याच्या सेशनपुरता असतो. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जाऊन झेड मॅप केलात तरी आयआयएसला तो दिसणार नाही. पूर्ण नेटवर्क पाथ द्या: दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव, मग पुढचं फोल्डर आणि फाइल. हा पाथ जेसन स्वरूपातल्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिणार असाल तर प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो, म्हणजे सुरुवातीला दोनाच्या जागी चार. आणि पाथ कोडमध्ये गाडून ठेवू नका. कारखान्यातलं मशीन कधी ना कधी बदलणारच, तेव्हा नवीन बिल्ड करायची वेळ येऊ नये.

खात्याचं उत्तर मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि पहिलं वळण हे: दोन्ही मशीन एकाच डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती एका ठिकाणी सांभाळणाऱ्या विंडोज नेटवर्कमध्ये, आहेत का?

डोमेन असेल तर मार्ग सोपा आहे. आयआयएस ७.५ पासून पूलचं ठरावीक खातं ‘ॲप्लिकेशन पूल आयडेंटिटी’ असतं, आणि ते नेटवर्कवर जाताना सर्व्हरच्या कंप्युटर खात्याने जातं. डोमेनचं नाव, मग सर्व्हरचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह, असं ते खातं दिसतं. कारखान्यातल्या फोल्डरवर याच खात्याला वाचायची परवानगी द्या. परमिशनच्या खिडकीत सर्व्हरचं नाव टाकून शोधलंत तर ‘असं कोणी नाही’ असं उत्तर येईल, कारण ती खिडकी मुळात माणसं आणि ग्रुपच शोधते. ‘ऑब्जेक्ट टाइप्स’ दाबा, ‘कंप्युटर्स’समोर टिक करा, मग नाव सापडतं. या एका टिकपाशी अडकून अनेकांनी शेवटी एव्हरीवनला दार उघडून दिलेलं मी पाहिलंय. आणि कंप्युटर खातं एखाद्या ग्रुपमध्ये घातलं असेल, तर सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत त्याला ते सदस्यत्व बहुधा लागू होत नाही. परमिशन दिली तरी चालत नाही म्हणून ती लगेच उलटवू नका.

मला स्वतःला त्याहून पुढची पायरी पसंत आहे: या कामासाठी डोमेनमध्ये वेगळं सर्व्हिस खातं काढा आणि त्याला फक्त या एका फोल्डरवर वाचायची परवानगी द्या. कंप्युटर खात्याला परवानगी दिली की त्या सर्व्हरवरच्या सगळ्या ॲप्सना ती आपोआप मिळते. साध्या खात्याचा पासवर्ड मात्र संपतो, आणि तो लगेच कळतही नाही. पूल चालू असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. आयआयएस ठरावीक सेटिंगप्रमाणे पूल दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू करतं, त्या वेळी जुना पासवर्ड चालत नाही आणि सगळ्यांना ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’, दिसायला लागतं. म्हणून विंडोज सर्व्हर २०१२ पासून आलेलं ‘ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट’ वापरता आलं तर तेच वापरा. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः सांभाळतं, कोणाला लक्षात ठेवावा लागत नाही.

डोमेन नसेल, आणि आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत बऱ्याचदा नसतंच, तर चित्र बदलतं. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती स्वतंत्र असतात तिथे, सर्व्हरच्या कंप्युटर खात्याला दुसऱ्या मशीनवर काही अर्थ नाही. विनंती निनावी म्हणून जाते आणि नाकारली जाते. तुमचं ‘एव्हरीवन’ इथेच फसलं असावं: एव्हरीवनमध्ये निनावी येत नाही, विंडोजच्या ठरावीक सेटिंगमध्ये तो वगळलेला असतो. उपाय असा, की दोन्ही मशीनवर एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं लोकल खातं काढायचं, पूलला ते खातं द्यायचं, आणि फोल्डरवर त्याच नावाला वाचायची परवानगी द्यायची. शेअर विंडोजवर नसून एनएएसच्या डब्यावर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) असेल तरी हीच रीत, फक्त खातं एनएएसच्या पानावरून काढायचं. डबा जुना असेल तर आणखी एक शक्यता तपासा. काही जुन्या डब्यांना फक्त एसएमबी १, म्हणजे शेअर उघडायच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, येतं, आणि नव्या विंडोजमध्ये ते सुरुवातीपासून नसतं. ते पुन्हा चालू करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरलं ते एसएमबी १ च्याच भोकातून. डब्याचं फर्मवेअर बदला, नाहीतर डबा बदला.

एव्हरीवनला दिलेलं फुल कंट्रोल काढून टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ऑफिसातल्या कुठल्याही एका पीसीवर रॅन्समवेअर शिरलं तर ज्या शेअरवर लिहिता येतं तो शेअर ते एनक्रिप्ट करून टाकतं. तुमच्या ॲपला तर फक्त वाचायचं आहे. आणि परवानगी दोन ठिकाणी असते हे ध्यानात ठेवा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं तरी फ्लॅटचं दार वेगळं उघडावं लागतं, तशी शेअरची परमिशन वेगळी आणि फोल्डरची एनटीएफएस (डिस्कवरची) परमिशन वेगळी. दोन्हीपैकी जी कडक, ती लागू. शेअरवर फुल कंट्रोल दिलंत आणि एनटीएफएसवर त्या खात्याचं नावच नसेल तर काही उपयोग नाही.

हे जमलं की नाही ते ॲप न चालवताही बघता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स या साधनांच्या संचातलं पीएसएक्झेक वेब सर्व्हरवर घ्या आणि त्यातून सिस्टीम खात्याने कमांड प्रॉम्प्ट उघडा. सिस्टीम खातंही नेटवर्कवर कंप्युटर खात्यानेच जातं, म्हणजे डोमेनमध्ये तुमचं पूल ज्या नावाने जाणार त्याच नावाने. ‘हू ॲम आय’ टाकून खात्री करा, मग शेअरच्या पाथवर ‘डीआयआर’ द्या. यादी आली तर परमिशन ठीक आहे आणि दोष कोडमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. नाही आली तर कोडला हात लावायची गरजच नाही. पूल स्वतंत्र खात्याने चालत असेल तर ‘रन ॲज’ करून त्या खात्याने हेच करा. पलीकडे, फाइल ज्या मशीनवर आहे तिथल्या कंप्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली सेशन्स आणि ओपन फाइल्स दिसतात. कोण कोणत्या नावाने आलंय आणि कोणती फाइल धरून बसलंय, ते तिथे डोळ्यांनी बघता येतं.

एक प्रकरण वेगळं असतं, तेही सांगतो. ॲपमध्ये विंडोज लॉगिन असेल आणि इम्पर्सोनेशन चालू असेल, तर ॲप पूलच्या नावाने न जाता पान उघडणाऱ्या माणसाच्या नावाने शेअरवर जायला बघतं. त्या माणसाची ओळख त्याच्या पीसीवरून वेब सर्व्हरपर्यंत येते, पण तिथून पुढे फाइल सर्व्हरकडे जात नाही. याला डबल हॉप म्हणतात. विंडोजच्या एनटीएलएम या जुन्या लॉगिन-पद्धतीत याला उपाय नाही, केर्बेरॉस या दुसऱ्या पद्धतीचं डेलिगेशन (ओळख पुढे सोपवणं) लावावं लागतं. स्टॉकची फाइल सगळ्यांना एकच दिसायची आहे, त्यामुळे तुम्हाला इम्पर्सोनेशनची गरज नाही. बंद करा.

इथपर्यंत केलंत तर फाइल उघडेल. पण तुम्ही विचारलेलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: विक्रीच्या माणसाने पान उघडल्यावर ॲपने रबाळ्याच्या मशीनवर जाऊन फाइल वाचावी, ही रचनाच बदला. कारखान्यात वीज गेली, व्हीपीएन (दोन ठिकाणांमधली खासगी जोडणी) तुटलं, कोणी ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून जेवायला गेलं, की ठाण्यातलं पान लटकतं. शिवाय एसएमबी हा प्रोटोकॉल ऑफिसातल्या लॅनसाठी ठीक आहे, पण त्यात मागे-पुढे बोलणं फार. व्हीपीएनवरून प्रत्येक पानाला तो सगळा प्रवास करायला लावणं म्हणजे ॲप मुद्दाम संथ करणं. (आणि व्हीपीएन नसेल तर शेअरचं ४४५ नंबरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. कुठल्याही कारणासाठी नाही.)

मी हे काम असं लावतो. वेब ॲपच्या बाहेर एक छोटा प्रोग्राम, टास्क शेड्युलरमधून ठरावीक वेळाने चालणारा. तो शेअरवरची फाइल आधी सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करतो, तिथे उघडून तपासतो, आणि सगळं बरोबर असेल तरच डेटाबेसच्या टेबलात भरतो. वेब ॲप फक्त डेटाबेस वाचतं. नेटवर्क रात्रभर बंद राहिलं तरी सकाळी पान उघडतं आणि वर लिहिलेलं असतं की हा स्टॉक काल संध्याकाळी अमुक वाजताचा आहे. ती वेळ पानावर दाखवाच. जुना आकडा नवा समजून विक्रीवाल्याने गिऱ्हाइकाला माल कबूल केला, तर पान बंद पडण्यापेक्षा ते जास्त महागात पडतं.

टास्क लावताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. ‘पासवर्ड साठवू नका’ अशी टिक तिथे असते, आणि ती सुरक्षित वाटते म्हणून लोक लावतात. ती लावली की त्या टास्कला फक्त लोकल गोष्टी मिळतात, नेटवर्कवरचा शेअर मिळत नाही, आणि तुम्ही पुन्हा पहिल्याच एररवर येता. दुसरं, कॉपीसाठी विंडोजची रोबोकॉपी ही कमांड वापरणार असाल तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा तो आकडा स्वतः द्या. न दिल्यास तो एका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतो. टास्क चालू दिसतो, काम काही होत नाही.

फाइल अर्धवट असण्याची अडचण सगळ्यात फसवी आहे. कारखान्यातलं सॉफ्टवेअर फाइल लिहीत असतानाच तुमचा प्रोग्राम पोचला, तर पहिल्या काही हजार ओळी मिळतात आणि एरर येत नाही. उरलेला माल स्टॉकमधून नाहीसा होतो. ते सॉफ्टवेअर तुमच्या हातात असेल तर फाइल आधी वेगळ्या नावाने लिहायला लावा आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये नाव बदलायला लावा. नाव बदलणं एका क्षणात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्णच. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल आणि बदलता येत नसेल, तर फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ बघा, एखाद मिनिट थांबून पुन्हा बघा, दोन्ही तसंच असेल तर उचला. फाइल आली की लगेच कळावं म्हणून फाइल सिस्टीम वॉचर लावायचा मोह होतो. नेटवर्क शेअरवर त्याच्यावर विसंबू नका. जोडणी तुटली की मधल्या सूचना हरवतात. दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन बघणं स्टॉकसाठी पुरेसं आहे.

एरर ३२ आली, म्हणजे फाइल कोणीतरी उघडून ठेवली आहे. उघडताना फाइल शेअरची किंमत ‘रीडराइट’ दिलीत तर एक्सेलमध्ये उघडी असलेली फाइलसुद्धा बहुतेकदा वाचता येते. पण हा दिलासा अर्धाच आहे, कारण एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली सीएसव्ही ही मूळ सीएसव्ही राहत नाही. कोड ००४५७ असेल तर ४५७ होतो. १५ आकड्यांपुढचे अंक शून्य होतात. ५-१० असा साइजचा कोड तारीख होतो. मालाची किंवा पार्टीची नावं देवनागरीत असतील आणि साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केलं, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय एक्सेलमध्ये आहे, पण कारखान्यातल्या माणसाने तो दर वेळी आठवणीने निवडावा या भरवशावर सिस्टीम उभी करू नका. ज्या फोल्डरमधून ॲप फाइल उचलतं तिथे माणसांना फक्त वाचायची परवानगी द्या, आणि ज्यांना एक्सेलमध्ये बघायचंय त्यांच्यासाठी दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी टाका.

तपासणीत काय बघायचं ते फाइलवर अवलंबून आहे, पण ओळी मोजणं टाळू नका. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ कोविड रुग्ण आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओतल्या जात होत्या, त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळच मावत नाही, आणि उरलेल्या ओळी निमूट सोडून दिल्या गेल्या. तुमच्या फाइलच्या शेवटी एकूण ओळींचा आकडा लिहून घेता आला तर उत्तम. नाहीतर कालच्या फाइलशी ताडून बघा, आणि ओळी अचानक निम्म्या झाल्या तर भरणं थांबवून मेल पाठवा. टेबल आधी रिकामं करून मग भरणं मात्र नको. दुसऱ्या टेबलात भरा, जुळलं तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अदलाबदल करा. तारखा वाचताना फॉरमॅट कोडमध्ये पक्का सांगा. सर्व्हर अमेरिकन सेटिंगवर असेल तर ०३-०४ ही ३ एप्रिलच्या जागी ४ मार्च होते, आणि महिन्याच्या १२ तारखेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या बल्क इन्सर्ट कमांडने थेट शेअरवरून भरा, असंही कोणी सुचवेल. तिथे फाइल तुमचं ॲप उघडत नाही, एसक्यूएल सर्व्हर उघडतो. एसक्यूएल लॉगिनने आलात तर त्याच्या सर्व्हिस खात्याने, विंडोज लॉगिनने आलात तर तुमच्या नावाने, म्हणजे पुन्हा डबल हॉप. फाइल आधी डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथे आणली, तर हा गुंता उरत नाही.

आजच्या दिवशी एवढंच करा: झेड काढून पूर्ण पाथ द्या, एक्झिस्ट्सची तपासणी काढा, एरर नंबर मिळवा. तरी अडलं तर चार गोष्टी कळवा: तो नंबर, डोमेन आहे की वर्कग्रुप, पूल कोणत्या खात्याने चालतंय, आणि शेअर विंडोज मशीनवर आहे की एनएएसवर. पासवर्ड आणि सर्व्हरची खरी नावं मात्र इथे लिहू नका.